तुम्ही विचारलंत म्हणून: रोज तेच तेच काय बोलता?

सून विचारते, शेजारच्या वहिनी विचारतात, पुण्याहून भाचा आला की तोही माझ्या मोबाइलमध्ये डोकावून विचारतो. प्रश्न एकच. "सकाळी 'चहा झाला का', दुपारी 'भाजी काय केली', संध्याकाळी 'तुमच्याकडे पाऊस आला का'. एवढी शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, शाळा चालवल्या, पिढ्या घडवल्या, आणि दिवसभर ग्रुपवर तेच तेच काय बोलता?"

आम्ही कोण, डी.एड.ला एकत्र कसे होतो, निवृत्तीनंतर पुन्हा एकमेकांना कसे सापडलो, हे तुम्हाला पाठ आहे. ते परत सांगत नाही. इतकी वर्षं मी या प्रश्नावर नुसती हसले, कारण विचारणारा उत्तरासाठी थांबतच नाही. आज मात्र नीट सांगते. माझं उत्तर पटलंच पाहिजे असं नाही, पण ऐकून घ्या.

आधी हे लक्षात घ्या की हे 'तेच तेच' आम्ही ठरवून निवडलेलं आहे. सुरुवातीला आमच्या ग्रुपवरही सगळ्यांच्या ग्रुपसारखाच पूर यायचा. गुलाबाची फुलं, घरगुती औषधं, कुणाची तरी भाषणं, कुठल्या तरी गावातल्या मारामारीच्या क्लिपा. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या क्लिपा आल्या. आमच्या ग्रुपवरही आली. टाकणारे आमच्यातलेच, अत्यंत सज्जन गृहस्थ. 'नातवंडांना सांभाळा' एवढ्याच काळजीनं त्यांनी ती टाकली होती. आणि १ जुलैला, बाजाराच्या दिवशी, आमच्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना मुलं पळवणारे समजून जमावानं मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं ती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं, ते याच सगळ्यामुळे.

आमच्यातले दोघं साक्री तालुक्यात वर्षानुवर्षं मास्तर होते. त्या भागातली पोरं त्यांच्या हाताखालून गेलेली. त्या रात्री ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी बापूंनी लिहिलं, "आजपासून दुसऱ्याचं काही टाकायचं नाही. जे लिहायचं ते स्वतःचं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं." सगळ्यांनी मान्य केलं. आता मला सांगा, सत्तरीच्या आसपासच्या माणसाकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं काय असतं? अंगण, चूल, गुडघा आणि आभाळ. म्हणून चहा. म्हणून भाजी. म्हणून पाऊस.

आणि ते 'तेच तेच' आहे असं वरून वाचणाऱ्याला वाटतं. नाना सावद्याहून रोज केळीचा भाव टाकतात. रावेरचा किती, बऱ्हाणपूरचा किती, आणि प्रत्यक्षात व्यापारी देतो किती. त्या तीन आकड्यांत त्यांच्या घरातलं सगळं कळतं. जूनमधल्या वादळात बाग आडवी झाली की त्या दिवशी भाव नसतो, फोटो असतो. केळीवर सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला त्या वर्षी त्यांनी रोपं उपटून बांधावर टाकली, तेव्हा भाव कितीही चढला तरी नानांचा मेसेज एका ओळीचा असायचा. भुसावळची माई मे महिन्यात पारा टाकते. ४५ च्या पुढे गेला की आम्ही सगळे तिला ओरडतो, गच्चीवर पापड घालायला जाऊ नका म्हणून. पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की माई लिहिते, आणि खाली प्रकाशाकडे बापू नदी बघून येतात आणि पाणी कुठवर आलं ते सांगतात. एकच तापी, दोन माणसं, मध्ये एवढं अंतर. याला तुम्ही पाल्हाळ म्हणता. मी म्हणत नाही.

पण मीही एके काळी म्हणत होते. २०१७ साली मीच ग्रुपवर मोठा मेसेज लिहिला होता की आपण शिक्षक आहोत, चहा आणि भाजीच्या वर काही बोलू. आठवड्यातून एकदा पुस्तकावर बोलू, आपापल्या मनातलं बोलू, म्हातारपणाबद्दल खरं खरं बोलू. अंगठे पुष्कळ आले. बोललं कुणी नाही. मी चिडले होते. त्या वेळची मी आज समोर आली तर तिला सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ आहे. तिच्याकडेही मला सांगण्यासारखं आहे, आणि पुढचं जे सांगते आहे ते त्याच्याबद्दलच आहे.

शिरपूरचे आप्पा. २०२१ च्या एप्रिलमध्ये वहिनी गेल्या. तो महिना कसा होता ते तुम्हाला सांगायला नको. ऑक्सिजनसाठी लोक रात्र-रात्र फिरत होते. आप्पांना लांबून दर्शन मिळालं, तेवढंच. मुलगा सुरतेला, त्यालाही वेळेत पोहोचता आलं नाही. आम्ही सगळ्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. त्या महिन्यात ते दोन शब्द इतके लिहिले होते की टाइप करताना फोनच पुढचा शब्द सुचवायचा. आप्पांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. मी फोन केला तर म्हणाले, "ताई, काही सुची नही ऱ्हायनं," आणि ठेवून दिला.

मग बऱ्याच दिवसांनी एका सकाळी त्यांचा मेसेज आला. "कळण्याच्या दळणात उडीद किती घालतात?"

बस, एवढंच. खाली नाव नाही, नमस्कार नाही. घरात ज्वारी होती, उडीद होते, पीठ संपलं होतं. त्या माणसानं जन्मात परात हातात घेतली नव्हती. सुमनताईंनी लगेच लिहिलं, चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, सालासकट, मीठ दळणातच घाला. माईनं लिहिलं, मी थोडी मेथी घालते. त्यावरून दोघींचं जुंपलं, आणि मध्येच आप्पांनी लिहिलं, "मेथी नको. हिच्या भाकरीत मेथी नव्हती."

त्या दिवसापासून आम्ही बायकांनी आप्पांना फोनवर भाकरी शिकवली. कळण्याची भाकरी ज्वारीच्या भाकरीपेक्षा सोपी, उडदामुळे पीठ धरून राहतं, पण कोरडं पीठ खाली कमी पडलं की परातीला चिकटते. त्यांची चिकटायची. फोटो यायचा: परातीत अर्धी भाकरी, तव्यावर अर्धी. पाणी गरम घ्या. मळताना तळहाताचा जोर लावा, थापताना नाही. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवा, पाणी सुकायच्या आत उलटा. एक दिवस व्हिडिओ आला, त्यात आप्पांचा आवाज: "फुगनी! फुगनी!" आणि भाकरी खरंच फुगली होती. माईनं तो व्हिडिओ तिच्या सगळ्या घराला दाखवला.

त्यांचे प्रश्न चालूच राहिले. तुरीच्या डाळीच्या डब्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला आहे, तो फेकायचा का? नका फेकू, कीड लागू नये म्हणून असतो. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, उन्हात पुन्हा घालायचे का? एका डब्यात नुसत्या फडक्याच्या चिंध्या बांधून ठेवल्या आहेत, त्या कशाच्या? ते आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही. ज्याच्या त्याच्या घरातल्या बाईलाच ठाऊक असतं ते.

आणि मग काळा मसाला. आपल्याकडे मसाला उन्हाळ्यात होतो, वर्षाचा एकदम. त्या उन्हाळ्यात त्या घरात मसाला झाला नव्हता. बरणीत आदल्या वर्षीचा होता, वहिनींच्या हातचा, आणि आप्पा तो चिमटीनं वापरत होते. दिवाळीच्या सुमारास त्यांनी लिहिलं, "मसाला संपला. कसा करायचा?" धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, मिरची कुठली, काय किती काळं भाजायचं, सगळ्यांनी आपापलं लिहिलं. सुमनताईंनी अमळनेरहून आणि माईनं भुसावळहून आपापला मसालाच पाठवून दिला. आप्पांनी दोन्ही वापरून शेवभाजी केली. दोन वाट्यांचा फोटो टाकला. खाली लिहिलं: "दोन्ही चांगल्या झाल्या. ही चव नाही."

त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही. मीही नाही. सगळ्यांनी वाचलं होतं, ते दिसत होतं. बऱ्याच वेळानं नानांनी केळीचा भाव टाकला. आप्पांनी विचारलं, "कालपेक्षा उतरला का?" नानांनी सविस्तर लिहिलं, माल किती आला, गाड्या उत्तरेकडे किती गेल्या. बोलणं पुढे सरकलं.

गेल्या वर्षी आप्पांच्या मुलानं त्यांना सुरतेला नेलं. तिथे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, म्हणून मुलगा त्यांना ग्रुप वाचून दाखवायचा. वाचता वाचता तो एकटाच मागे मागे गेला. एका रात्री त्याचा मला फोन. "काकू, एक विचारू? दहाव्यानंतर आईचं नाव या ग्रुपवर एकदाही आलेलं नाही. बाबांनी 'ही चव नाही' लिहिलं आणि तुम्ही लोकांनी त्यांना केळीचे भाव सांगितले. एवढी माणसं होतात तुम्ही. कुणालाच विचारावंसं वाटलं नाही?"

मी त्याला म्हटलं, बेटा, तुला कळायचं नाही. असं म्हणायला नको होतं की काय, त्याचा हिशेब मी अजून करते आहे. पण मला खरंच वाटतं की त्याला दिसलं नाही. 'हिच्या भाकरीत मेथी नव्हती' हे काय होतं? कडुनिंबाचा पाला, चिंध्या, चिमटीनं पुरवलेला मसाला, हे सगळं काय होतं? तो माणूस सहा-सात महिने रोज आपल्या बायकोबद्दलच बोलत होता, आणि आम्ही रोज उत्तर देत होतो. आम्ही 'आप्पा, मन मोकळं करा' म्हटलं असतं तर त्यांनी फोन ठेवून दिला असता. मला तो अनुभव आहे, मी तो फोन केला होता. उडीद किती हे विचारायला जागा होती म्हणून ते परत आले. पुस्तकांवर चर्चा करणाऱ्या, मनातलं खरं खरं बोलणाऱ्या ग्रुपवर ते दळणाचा प्रश्न घेऊन आले असते का?

हे मी त्या २०१७ वालीला ऐकवते. ती ऐकून घेते आणि विचारते: मान्य, रोज बोलत होता. पण ज्या दिवशी त्यानं सरळ लिहिलं, आडपडदा न ठेवता लिहिलं, त्या दिवशी? त्या दिवशी तुम्हाला कुणी अडवलं होतं? 'वहिनींच्या हातची कुठून येणार आप्पा' एवढं लिहायला काय लागत होतं? यावर मी म्हणते, भाव उतरला का हे आप्पांनीच विचारलं, त्यांनाच पुढे जायचं होतं. ती म्हणते, तुम्ही दुसरं काही पुढे ठेवलंच नव्हतं. इथे आमचं भांडण थांबतं. कुणीच मागे सरत नाही.

ग्रुपवरही यावर एकमत नाही. सुमनताईंना मुलाचं पटतं. नाना म्हणतात, मी त्या वेळी मुद्दाम भाव टाकला, आप्पाला एकट्याला त्या ओळीवर बसू द्यायचं नव्हतं. खुद्द आप्पांना कुणी विचारलेलं नाही. ते आता सुरतेहून रोज सकाळी विचारतात, शिरपूरला पाऊस कसा आहे.

मुलाचा फोन आल्यापासून माझ्यात एक फरक पडला आहे, तो चांगला की वाईट सांगता येत नाही. गेल्या आठवड्यात बापूंनी लिहिलं, "हिचा रिपोर्ट आला. सोमवारी नाशिकला दाखवायचं आहे." मी थांबले नाही, लगेच फोन लावला. म्हटलं, बापू, काय आलं रिपोर्टमध्ये, सांगा मला. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, ग्रुपवरच बोलू ना." आणि पाच मिनिटांनी त्यांनी ग्रुपवर विचारलं, नाशिकला डबा न्यायचा तर दशम्या किती दिवस टिकतात. मी लिहिलं, दुधात भिजवलेल्या दोन-तीन दिवस आरामात. माईनं लिहिलं, गुळाच्या करा, वहिनींना आवडतात.