तळावरची दिवाळी
आज आमच्या मंडळाने साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर जाऊन फराळ वाटला. ही माणसं बीड, पाथर्डीकडून येतात. गळीत हंगाम दिवाळीच्याच आसपास सुरू होतो, मग सण पाचटाच्या, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याच्या कोपीतच. एका चिमुरडीने चकली खाल्लीच नाही, फ्रॉकच्या घोळात गुंडाळून धरली. "आई फडातून आली की देईन." आई पहाटेच कोयता घेऊन गेलेली. अंधार पडता पडता बैलगाडी आली, तेव्हा पोरीने आधी आईला घास भरवला, मग स्वतः तुकडा मोडला. माझे डोळे भरून आले. पणत्या कोप्यांपासून लांब लावल्या. पाचट लगेच पेट घेतं. पुढच्या रविवारी पोरांसाठी स्वेटर न्यायचेत, रात्री फार गारठा असतो तिथे. घरात धड असलेले असतील तर मला कळवा, येऊन घेऊन जाईन.