वजनकाट्यावरचा सेल

बर्मिंगहॅमला आल्यावर सिगारेट सोडायची म्हणून मी व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, घेतला. (भारतात २०१९पासून यावर बंदी आहे, इथे तो कायदेशीर आहे.) त्यात ‘१८६५०’ नावाचा रिचार्ज होणारा बॅटरीचा सेल लागतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. ऑनलाइन ‘९९०० एमएएच’ (म्हणजे चार्ज साठवायची क्षमता) लिहिलेला स्वस्त सेल मिळाला आणि मी खूश झालो. घरी पोह्यांसाठी वापरतो त्या काट्यावर सहज ठेवला, तर जेमतेम ३० ग्रॅम! चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. शिवाय या आकारात साधारण ४००० एमएएचच्या वर काही मिळतच नाही. तो सेल मी वापरला नाही, थेट बॅटरी रिसायकलिंगला दिला.

आता आधी अँपिअर बघतो, म्हणजे सेल किती करंट देऊ शकतो ते. माझं यंत्र ६० वॅटवर चालवलं आणि सेल ३.२ व्होल्टपर्यंत उतरला, की जवळपास १९ अँपिअर ओढले जातात. म्हणून सतत २० अँपिअर देणारा, २५०० एमएएचचा सॅमसंग २५आर घेतला. तोही खात्रीच्या दुकानातून, कारण नकली रॅपर (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) चढवलेले सेल सर्रास विकले जातात.

आणि रॅपर कधीच फाटकं ठेवू नका, अगदी कळकळीने सांगतो. सेलचं अख्खं धातूचं अंग ऋण असतं, वरच्या धन टोकाभोवतीची कडासुद्धा. तिथे प्लास्टिक सोललं की शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही. सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात टाकणं तर त्याहून वाईट. स्वस्तात प्लास्टिकची डबी मिळते, तिच्यातच ठेवा.