तुम्ही विचारलंत म्हणून : मे महिन्यात आमची शेगडी बंद का असते

नाही, सिलिंडर संपलेलं नाही. निसर्गोपचाराचं खूळ नाही, कुण्या महाराजांनी सांगितलेलं नाही. आळस आहे, तो मी नाकारत नाही, पण नुसत्या आळसाने कुणी इतकी वर्षं नेम पाळत नाही. दर उन्हाळ्यात घरी आलेलं कुणीतरी कोरड्या ओट्याकडे बघून विचारतं, "तुम्ही गॅसच पेटवत नाही का हो?" आणि मी "गर्मी किती आहे बाप्पा" म्हणून हसते. नागपुरात एवढं उत्तर पुरतं. यंदा विहीणबाई नाशकाहून आल्या होत्या. त्यांनी ताटावर बसून, सगळ्यांसमोर विचारलं, "पण निदान वरणभात तरी?" तेव्हा हसू आलं नाही.

आधी नेम सांगते. अक्षय्य तृतीयेपासून मृग लागेपर्यंत सकाळी सातनंतर आमचा गॅस पेटत नाही. सातच्या आधी पेटतो. चहा लागतो मला, त्यावर वाद नको. चहाबरोबरच कढल्यात मोहरी-हिंगाची फोडणी करून काचेच्या बरणीत भरून ठेवते. म्हणजे 'बिना गॅसचा स्वयंपाक' हे बोलायला सोपं. आत एक बरणी लपलेली असते.

त्या बरणीवर दिवस निघतो. भिजवलेली चणाडाळ भरड वाटून, कैरी किसून, आंब्याची डाळ. दहीपोहे, पण कालवल्या कालवल्या खायचे, तासाभरात आंबतात. कैरीचा टक्कू. गूळपाण्यात कालवलेला सातू. आणि रात्री कच्चा चिवडा: मुरमुरे, कांदा, टमाटर, शेंगदाणे, तिखट-मीठ, कच्चं तेल, वरून सांबार. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. त्यावरून विहीणबाईंचा वेगळा गोंधळ झाला, तो सोडा.) विरजणाला दूध कोमट करावं लागत नाही, पातेलं ओट्यावर अर्धा तास ठेवलं की काम झालं. मोड आलेले मूग मात्र मी बंद केले. एका रात्रीत मोड येतात आणि दुसऱ्या दुपारी बुळबुळीत होतात. ते एकदा तसेच वाढले आणि घरभर सगळ्यांची पोटं बिघडली. चूक माझीच.

आता खरं कारण.

२०१३ चा मे. २३ तारखेला शहरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. पुढे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवले आणि सेन्सरच बिघडल्याचं हवामान खात्याने सांगितलं, तेव्हा लोक हसले. २०१३ ला हसण्यासारखं काही नव्हतं. आमचं झालं ते २५ ला, शनिवारी, नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, पहिल्या दिवशी. नणंद मुलाबाळांसह आली होती. रसपोळीचा बेत. रस सकाळीच करून फ्रीजमध्ये ठेवला होता. पोळ्याही सकाळी करता आल्या असत्या. पण तेव्हाची मी म्हणायची, रसाबरोबर पोळी तव्यावरचीच पाहिजे, पाहुण्यांना डब्यातली पोळी वाढते ती कसली सून? तिच्याशी मी आजही भांडते. ती म्हणते, तुलाही तेव्हा तसंच वाटत होतं. वाटत होतं.

आमचं घर वरच्या मजल्यावर. डोक्यावर स्लॅब, स्वयंपाकघर पश्चिमेला. पंखा लावला की शेगडीची ज्योत फडफडते, म्हणून पंखा बंद. कूलर हॉलमध्ये, वाळ्याच्या ताट्या लावलेला, पाहुण्यांसाठी. एकच्या सुमाराला पंचवीसेक पोळ्या झाल्या आणि माझं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे. आई, म्हणजे सासूबाई, दारात उभ्या होत्या. वय एकाहत्तर. वरुडकडच्या, बोलणं अस्सल वऱ्हाडी. "जाय, पड जरा. चार उंडे त उरले, मी लाटतो."

मी गेले. कूलरसमोर जाऊन पडले. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. घरातले पाच-दहा मिनिटं म्हणतात, मला ते पटत नाही. करपल्याचा वास आला म्हणून उठले. आई ओट्याला टेकून खाली बसलेल्या, हातात लाटणं, तव्यावर पोळीचा कोळसा. मी आधी गॅस बंद केला. मग त्यांच्याकडे वळले. हा क्रम मी कुणाला सांगितला नव्हता.

अंग तापलेलं, आणि कोरडं. घामाचा थेंब नाही. मला म्हणाल्या, "दूध उतू जाऊन राहिलं, पाय ना." दूध नव्हतंच शेगडीवर. आम्ही काय केलं? कांदा फोडून नाकाशी धरला, तळपायाला चोळला, पन्हं पाजायचा प्रयत्न केला. गाडी मिळेपर्यंत अर्धा तास त्यात गेला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अंग ओलं करून वारा घालायचा होता, आधी थंड करायचं, मग आणायचं. ओलं अंग आणि वारा. पंधरा फुटांवर कूलर चालू होता, आणि आम्ही त्यांना कांदा हुंगवत होतो.

त्या वाचल्या. पण चाल डगमगती झाली, हात थरथरायचा, लाटणं पुन्हा धरता आलं नाही. पुढे चार वर्षं होत्या.

लोकांना वाटतं, त्यांनी मला शाबासकी दिली असेल. उलट पुढच्याच वर्षी मी गॅस बंद ठेवला तेव्हा पहिलं भांडण त्यांनीच काढलं. "घरात सुतक हाय का, चूल थंडी ठेवाले?" मी म्हटलं, शिळासप्तमीला नाही का ठेवत? "तो एक दिवस असते वो बाई, अन् त्या दिवशी चुलीची पूजा असते. तू कुठं पूजा करून राहिली?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चारही उन्हाळे त्या सातू खाताना तोंड वाकडं करत आणि वाटीभर जास्त मागत.

आणि आता जे बोलायची लाज वाटते ते. महिना-दीड महिना पोळीशिवाय आमच्या घरी कुणी राहत नाही. गल्लीतल्या एक ताई पोळ्या करून विकतात, मी त्यांच्याकडून आणते. पत्र्याखाली, पंखा बंद ठेवून, तव्यासमोर त्या उभ्या असतात. मुरमुरे, डाळवं, सातूचे गहू, यातलंही काही भट्टीशिवाय होत नाही. म्हणजे माझ्या ओट्यावरची आग मी विझवली म्हणायचं, की नुसती चार घरं पलीकडे सरकवली? नवरा म्हणतो, तिचं पोट आहे त्यावर. खरं आहे. आईही म्हणाल्याच होत्या, चारच तर उरल्या आहेत.

यंदा नवतपा लागला तसं ताईंनी सांगितलं, नऊ दिवस पोळ्या मिळणार नाहीत, त्यांना झेपत नाही. मला आधी बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग आठवलं, दुपारी विहीणबाई जेवायला आहेत, आणि मी ताईंशी घासाघीस करायला लागले, "निदान दहा तरी करून द्या ना." त्यांनी मान हलवली. मी पायरीवर उभीच राहिले.

येताना कोपऱ्यावरून ब्रेड घेतला. विहीणबाईंच्या ताटात रसाशेजारी तोच होता.