बोट कुणाच्या सांगण्यावरून सुटली?

मी कोकणातल्या एका नदीकाठच्या नगरपरिषदेत भांडार विभागात लिपिक आहे. जुलै 2021 मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं, त्याच पावसात आमच्या बाजारपेठेतही छातीभर पाणी होतं. रबरी बोट एकच. ती मागायला तीन साहेबांचे फोन आले, तीन वेगळ्या आळ्यांसाठी. बोट निघाली, अर्ध्या वाटेतून वळवली, पुन्हा वळवली. मधल्या आळीतल्या एक आजी पाच तास पोटमाळ्यावर बसून होत्या. त्या वाचल्या. पण बोट देताना वहीत सही माझी होती आणि ‘कुणाच्या आदेशाने’ हा रकाना मी कोरा सोडला होता. तो रकाना पुढे कितीतरी महिने माझ्या डोळ्यांसमोरून हलला नाही.

नंतर कळलं की याचं उत्तर आधीपासूनच होतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जुलै 2010 मध्येच आयआरएस, म्हणजे घटना प्रतिसाद प्रणाली, सांगितलेली आहे: आपत्तीत कुणी काय करायचं आणि हुकूम कुणाचा, हे आधीच ठरवून ठेवण्याची पद्धत. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यातल्या कलम 41 नुसार कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं आणि साधनं तयार ठेवणं ही नगरपरिषदेची जबाबदारी आहे. आमच्या आपत्ती आराखड्यातही शेवटी कुणाचं काम काय याचा एक तक्ता होता. त्यात पदनामं होती, माणसांची नावं मात्र तेव्हा नव्हती.

दोन दिवसांच्या प्रशिक्षणात या पद्धतीची मूळ गोष्ट ऐकली. 1970 साली कॅलिफोर्नियात वणवे पेटले, ठिकठिकाणची अग्निशमन दलं धावून आली, पण त्यांचे वायरलेस जुळेनात, शब्द जुळेनात आणि हुकूम कुणाचा तेही ठरेना. त्यातून ही पद्धत उभी राहिली. ऐकताना मला आमची बाजारपेठच दिसत होती. नियम साधे होते. प्रत्येकाला एकच वरिष्ठ. एकाच्या हाताखाली साधारण पाच माणसं, फार तर सात. प्रत्यक्ष काम ऑपरेशनवाल्यांचं, माहिती आणि पुढचा अंदाज प्लॅनिंगवाल्यांकडे, सामान, जेवण, डिझेल लॉजिस्टिक्सकडे. म्हणजे आमच्याकडे.

खरी अडचण मानाची होती. तालुक्याचे इन्सिडंट कमांडर, म्हणजे घटनेच्या वेळचे प्रमुख, तहसीलदार, हे सगळ्यांना मान्य होतं. पण शहरातलं ऑपरेशन अग्निशमन अधिकाऱ्याकडे जाणार म्हटल्यावर वीस वर्षं जास्त नोकरी झालेले विभागप्रमुख गप्प झाले. त्यांचंही मला पटत होतं. आयुष्यभर ज्याला सूचना दिल्या त्याच्या सूचना ऐकणं सोपं नसतं. शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी लेखी आदेश काढला, त्यात ‘घटनेपुरते’ हा शब्द घातला आणि सगळ्यांना समोर बसवून वाचून दाखवला. त्या एका शब्दाने गाठ सुटली.

मे महिन्यातल्या रंगीत तालमीत दोन गोष्टी फसल्या. जेसीबी आणि रुग्णवाहिका थेट घाटाच्या बोळात घुसल्या आणि तिथेच अडकल्या. तेव्हापासून शाळेचं मैदान ठरलं: आधी तिथे यायचं, नोंद करायची, बोलावल्यावरच पुढे जायचं. पुस्तकात त्याला स्टेजिंग एरिया म्हणतात. आमचे चालक ‘गाड्यांचा थांबा’ म्हणायला लागले, आणि आम्ही तोच शब्द आदेशातही घातला. दुसरी गोष्ट पाण्याची. एक जण सांगे ‘पाणी पिंपळापर्यंत आलंय’, दुसरा म्हणे ‘देवळाच्या पायरीला लागलं’. आणि पिंपळ तर प्रत्येक आळीत! मग विजेच्या खांबांवर क्रमांक आणि फुटांच्या खुणा रंगवल्या. आता वायरलेसवर फक्त खांब आणि फूट सांगायचे.

पुढच्याच पावसाळ्यात परीक्षा झाली. नदीने रात्री इशारा पातळी ओलांडली. प्लॅनिंगवाल्यांच्या फळ्यावर भरतीची वेळ लिहिलेली होती. कोकणात ती कळीचीच, कारण भरतीत नदीचं पाणी समुद्रात उतरत नाही, मागे तुंबतं. म्हणून पाणी चढायच्या आतच खालच्या आळीतली म्हातारी माणसं आणि बाळंतिणी शाळेत हलवल्या. पहाटे एका माजी नगरसेवकांचा मला फोन आला: बोट आमच्याकडे पाठवा. मी म्हटलं, “दादा, बोट माझ्या हातात नाही. ऑपरेशनला कळवते, तुमचा खांब क्रमांक सांगा.” ते रागावले, पण क्रमांक दिला. त्यांच्याकडे बोट दुसऱ्या फेरीत गेली, कारण पहिल्या फेरीत एका डायलिसिसच्या रुग्णाला काढायचं होतं. हे त्यांना नंतर अग्निशमन अधिकाऱ्यांनी स्वतः जाऊन सांगितलं.

सकाळी बोट परत आली. चार माणसं गेली होती, चार परतली. अकरा लाइफ जॅकेटं दिली होती, दहा जमा झाली. अकरावं शाळेत एका पोराच्या अंगावर सापडलं, ते काढायला तो तयार नव्हता. वहीतला ‘कुणाच्या आदेशाने’ हा रकाना या वेळी भरलेला होता, वेळेसकट.

यंदा तक्त्यातल्या तिघांची बदली झाली आहे. त्यांची नावं मी लाल शाईने खोडली आहेत आणि नव्या नावांचं पत्र सहीसाठी ठेवलं आहे. मे संपायच्या आत ते हातात हवं, म्हणून रोज सकाळी आधी त्या टेबलाशी जाऊन येते.