तुम्ही विचारलंत म्हणून : गिसिंग कुठून वाचायला घ्यावा?

डिकन्स आणि हार्डी वाचून झाल्यावर कोण, असं विचारणाऱ्यांना इंग्रज कादंबरीकार जॉर्ज गिसिंगचं (१८५७–१९०३) नाव सुचवलं की पुढचा प्रश्न ठरलेला : सुरुवात कुठून? ‘न्यू ग्रब स्ट्रीट’पासून (१८९१). पुष्कळजण ‘हेन्री रायक्रॉफ्ट’ आधी उचलतात, कारण ते लहान आहे. पण ती निवांत झालेल्या लेखकाची टिपणं. खरा गिसिंग पैशाच्या विवंचनेत दिसतो.

‘न्यू ग्रब स्ट्रीट’ वाचताना आकड्यांवरून नजर घसरू देऊ नका. त्यातल्या कादंबरीकाराचा, एडविन रिअर्डनचा हिशोब बघा : बारीक अक्षरात लिहिलेले साठ कागद म्हणजे एक खंड, रोज चार कागद, म्हणजे पंधरा दिवसांत खंड आणि पंचेचाळीस दिवसांत तीन खंडांची कादंबरी. हिशोब चोख, पण त्याला लिहायला सुचतच नाही. मग संवाद ताणायचे, कसेतरी कागद भरायचे.

तीनच खंड का? तेव्हा नव्या कादंबरीची किंमत होती साडेएकतीस शिलिंग. विकत कोण घेणार? मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मुडीसारखी वर्गणीची वाचनालयं. वर्षाला एक गिनी (एकवीस शिलिंग) भरणाऱ्याला एका वेळी एकच खंड मिळे, म्हणजे एकच कादंबरी तिघांकडे फिरे. १८९४ मध्ये वाचनालयांनीच हात आखडता घेतला आणि ही पद्धत कोसळली.

अडखळायला होतं ते समीक्षक आल्फ्रेड यूलच्या प्रकरणांत. समीक्षकांची जुनी भांडणं कंटाळवाणी आहेत, मान्य. तरी गाळू नका. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनकक्षात बापासाठी राबणारी मॅरियन तिथेच कळते. तिच्या वारशाचे पाच हजार पौंड घटून दीड हजारांवर येतात, तेव्हा तिच्याशी लग्न ठरवलेल्या व्यवहारी लेखकाचं, जॅस्पर मिलवेनचं प्रेम कसं हळूहळू सभ्यपणे आटतं ते पाहा. गिसिंग त्याला खलनायक करत नाही. जॅस्पर बोलतो तेव्हा त्याचं म्हणणं पटतंसुद्धा, आणि तेच बोचतं.

दुसरी ‘द ऑड विमेन’ (१८९३). विमा उतरवायच्या आतच डॉक्टर मॅडन अपघातात जातात. मागे सहा मुली आणि आठशे पौंड. मुद्दलाला हात लावायचा नाही म्हणून अर्धपोटी राहणाऱ्या थोरल्या बहिणी एकीकडे, मुलींना टाइपरायटिंग शिकवणारी ऱ्होडा नन दुसरीकडे. माझ्या मते बांधणीत ही ‘न्यू ग्रब स्ट्रीट’पेक्षा सरस आहे.

‘वर्कर्स इन द डॉन’ (१८८०) मात्र सगळ्यात शेवटी. पहिलीच कादंबरी, पदरमोड करून छापलेली, आणि पाल्हाळ फार.