दरवर्षी खचणारी जागा

आमच्या रस्त्यावर एक जागा आषाढात हमखास खचायची. खामगावकडे जाणारा रस्ता, मी त्यावर साइट सुपरवायझर. काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते, म्हणून खचते असं सगळे म्हणत, मीही म्हणायचो. तीन वर्षं तिथं मुरूम टाकला, रोलर फिरवला, वर डांबर. तिन्ही वर्षी बिल लावलं.

रुंदीकरणात ती जागा उकरायला घेतली ती एप्रिलमध्ये. डांबर, खडी, मुरूम, पुन्हा जुनी खडी. दीडेक मीटरवर जेसीबीचा दात खाडकन वाजला. ऑपरेटर ओरडला, ‘खडक लागला नं साहेब!’ या पट्ट्यात इतक्या वर खडक कुठला? उतरून हातानं माती झटकली. घडीव काळा दगड, शेजारी दुसरा, अन् दोन्ही खाली निमुळते होत गेलेले. असे दगड कमानीतच बसवतात. मशीन बंद करायला लावलं.

पुढचं काम कुदळ-घमेल्यानं, अंधार पडेपर्यंत. तीन मीटरची कमान निघाली, आत वीतभर जागा सोडून गाळच गाळ. सांध्यातल्या चुन्यात खिळा खुपसून पाहिला, खिळा वाकला. एक तोंड शेताच्या धुऱ्याखाली गेलेलं, दुसरं आम्हीच टाकलेल्या मुरमाखाली.

बघ्यांमधले एक आबा म्हणाले, ‘हे तं मोरी हाय. माह्या आज्याच्या कापसाच्या गाड्या याच्यावरूनच खामगावले जात. तुमी लोकायनंच बुजवली.’

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. अमेरिकेतल्या यादवीत मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला भाव चढला. जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला १८७० साली, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो. शेतकऱ्याच्या प्रेमापोटी नव्हे. गाठी मुंबई बंदरात पोचाव्यात म्हणून. तरी बैलगाडीच्या रस्त्याखालूनही कुणीतरी पाण्याला वाट ठेवली होती. आमच्या इस्टिमेटमध्ये तिथं काहीच नाही. दोनशे मीटर पुढे ९०० मिमीचा एक ह्यूम पाईप, तोही चढावर!

वरून निरोप आला: बुजवा, पुढे चला. मग इंजिनिअर साहेब स्वतः येऊन कमानीखाली वाकून बघून गेले, अन् निरोप बदलला. कमान ठेवली, वर सळईचा स्लॅब टाकला, दोन्ही तोंडं मोकळी केली. मोजमाप पुस्तिकेत हे सगळं ‘गाळ काढणे’ म्हणून चढलं.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात टॉर्च घेऊन गेलो. पऱ्हाट्या वाहवत गढूळ पाणी एका तोंडातून आत शिरत होतं, दुसऱ्यातून बाहेर. आबा घोंगडी पांघरून आधीच उभे.

‘साहेब,’ ते म्हणाले, ‘आता या जागेचं बिल कसं लावसान?’