बॉयकॉट नावाचा माणूस होता म्हणे

आज लेक क्लासवरून आली ती दप्तर फेकतच, म्हणे आम्ही सगळ्यांनी एका मुलीला बॉयकॉट केलंय, तिने टीचरना आमची नावं सांगितली म्हणून. आमच्या वेळी नुसती कट्टी असायची. आबा पेपर खाली करत म्हणाले, वाळीत टाकलं म्हण की सरळ. मग हिचा प्रश्न, बॉय म्हणजे मुलगा, कॉट म्हणजे खाट, मग बॉयकॉट म्हणजे हे असं कसं? मला कुठे माहीत, बसले शोधत.

तर हे चक्क आडनाव आहे! चार्ल्स बॉयकॉट, आयर्लंडात मेयो काउंटीत एका लॉर्डच्या जमिनींचा कारभारी. 1880 साल, कुळं खंडात 25 टक्के सूट मागतायत, लॉर्ड 10 च्या वर जाईना, आणि याने कुळांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा धाडल्या. मग गावाने ठरवलं, हात लावायचा नाही, फक्त संबंध तोडायचे. गडी गेले, दुकानदार माल देईना, धुणंवाली येईना, लोहार दारात फिरकेना. शेवटी शेतातले बटाटे नि सलगम काढायला बाहेरून 50 माणसं आणली आणि त्यांच्या राखणीला हजारभर शिपाई!! पीक 500 पौंडांचं, खर्च 10,000 च्या घरात. नोव्हेंबरअखेर साहेब गाव सोडून गेले, पण तोवर आडनावाचं क्रियापद झालेलं.

मला गंमत याची वाटली की शब्दाला नाव वाळीत टाकणाऱ्यांचं नाही, ज्याला टाकलं त्याचं मिळालं. आपल्याकडे बहिष्कार परीक्षेवर, मतदानावर, विलायती कापडावर टाकतात, माणसाला मात्र बहुतेकदा 'वाळीत', आणि ते इतकं मुरलेलं की 2016 मध्ये महाराष्ट्राला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. लेकीला हे सांगितलं तर म्हणे आई आम्ही काय जातपंचायत आहोत का. बरं बाई.

आबांची गाडी तेवढ्यात क्रिकेटवर. 1967 ला लीड्सला इंग्लंडच्या जेफ्री बॉयकॉटने आपल्याविरुद्ध नाबाद 246 काढले आणि फार हळू खेळला म्हणून पुढच्या टेस्टला त्यालाच बाहेर बसवला. बॉयकॉटलाच बॉयकॉट, म्हणत स्वतःच हसत बसले.

आत्ता साडेनऊ वाजलेत आणि लेक माझा फोन घेऊन बाल्कनीत. उद्या गणिताची टेस्ट, आणि हिची वही त्याच मुलीकडे आहे.